पणजोबांचं लढाईतलं पदक: कड कशी वाचायची, नोंद कुठे शोधायची, जपायचं कसं

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, पुणे या भागातल्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक अजून आहे. ट्रंकेच्या तळाशी, सातबाऱ्याच्या पुरचुंडीत, नाहीतर देवघराच्या कोनाड्यात. ते बाहेर निघालं की कुणीतरी चिंच लावून घासायला बसतं आणि कुणीतरी 'इंग्रज सरकारनं दिलेलं शौर्यपदक' म्हणून फेसबुकवर टाकतं. घासल्यानं पदकाचा सगळ्यात मोलाचा भाग झिजतो. आणि शंभरातली बहुतेक पदकं शौर्याची नसतातच. ती 'हा माणूस समुद्रापलीकडच्या अमुक आघाडीवर होता' एवढंच सांगणारी, सेवेबद्दल सरसकट दिलेली पदकं असतात. त्यात कमीपणा काही नाही. उलट शोध घेणाऱ्याला तीच जास्त उपयोगी, कारण बहुतेकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी एक ओळ ठोकलेली असते. साध्या शिपायाबद्दल एवढी नेमकी माहिती घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर सहसा सापडत नाही.

पहिल्या दिवशी

पदक जसं सापडलं तसंच ठेवा. फडक्यानंसुद्धा पुसू नका. टेबलावर जाडसर सुती कापड पसरा, हात धुऊन कोरडे करा, जमलं तर नायट्राइलचे हातमोजे घाला आणि आधी फोटो काढा. पुढची बाजू, मागची बाजू, फीत दोन्हीकडून आणि कडेचे सहा ते आठ फोटो, पदक थोडं थोडं फिरवत. एका फोटोत शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिमी असल्यामुळे फोटो पाहणाऱ्याला आकार लगेच कळतो. पदकासोबत जे काही निघालं असेल, म्हणजे सेफ्टी पिन, फितीचा तुकडा, पुठ्ठ्याची डबी, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, ते सगळं एकत्रच ठेवा. डिस्चार्जच्या कागदावर मिळालेल्या पदकांची यादी असू शकते. ती असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडून दोन गोष्टी लिहून घ्या: लढाईला गेलेल्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, आणि त्या वेळचं गाव. सध्याचं गाव नव्हे. हे का, ते नोंदींपाशी आल्यावर कळेल.

कोणतं पदक ते ओळखणं

पहिल्या महायुद्धासाठी हिंदी सैनिकांकडे मुख्यतः चार प्रकार सापडतात.

ब्रिटिश वॉर मेडल: चांदीचं, गोल, व्यास ३६ मिमी, म्हणजे जुन्या राणीछाप रुपयाहून पाचेक मिलिमीटर मोठं. वजन तीसेक ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुकुट नसलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल, कवटी आणि हाडं, आणि १९१४ व १९१८ ही सालं. वर आडवी सरळ पट्टी, तिच्यातून फीत जाते. फीत ३२ मिमी रुंद: मधे नारिंगी रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पांढरा, काळा आणि कडेला निळा. हेच पदक ब्राँझमध्येही निघालं होतं. ते मुख्यतः मजूर पथकांतल्या लोकांना मिळालं आणि चांदीच्या पदकापेक्षा पुष्कळ दुर्मीळ आहे. त्यामुळे तपकिरी रंगाचं सापडलं तर 'नकली' म्हणून बाजूला टाकू नका.

व्हिक्टरी मेडल: हेही ३६ मिमीचं, पण ब्राँझचं आणि वर लाखेसारखा सोनेरी मुलामा. घरोघरी याला 'सोन्याचं मेडल' म्हणतात. सोनं त्यात नाही. पुढे पंख पसरलेली विजयदेवता, मागे पानांच्या वेटोळ्यात चार ओळींचा मजकूर आणि १९१४-१९१९ ही सालं. वर सरळ पट्टीऐवजी गोल कडी. फीत इंद्रधनुष्यी, दोन इंद्रधनुष्यं मधल्या तांबड्या रंगाशी जोडल्यासारखी, आणि ३९ मिमी रुंद. बाकीच्यांपेक्षा ही फीत रुंद असते, हे नवीन फीत घेताना लक्षात ठेवा.

१९१४ स्टार आणि १९१४-१५ स्टार: दोन्ही ब्राँझचे, तारेसारखे, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आणि वर मुकुट. फरक मधल्या पट्टीवर. एकावर ऑगस्ट, १९१४, नोव्हेंबर असं तीन तुकड्यांत आहे, दुसऱ्यावर एकाच पट्टीवर १९१४-१५. दोघांची फीत एकच: तांबडा, पांढरा, निळा एकमेकांत मिसळत गेलेले. नाव मात्र कडेवर नसून पाठीमागच्या सपाट भागावर असतं.

या दोन स्टारांमध्ये घोळ फार होतो. १९१४ स्टार फक्त फ्रान्स आणि बेल्जियममध्ये २२-२३ नोव्हेंबर १९१४ च्या मध्यरात्रीपर्यंत असलेल्यांना मिळाला. लाहोर आणि मेरठ डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या शेवटी मार्सेल्सला उतरायला लागल्या. त्यांच्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंता दलाच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या, त्यांना हा स्टार लागू. पण पुण्याची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाला फावला उतरली. साल तेच, महिना तोच, तरी तिथल्या शिपायाला मिळतो तो १९१४-१५ स्टार. म्हणून 'आमचे पणजोबा चौदा सालीच गेले होते, मग चौदाचा स्टार का नाही?' असा प्रश्न पडला तर उत्तर आघाडीत शोधा. मराठा पलटणींचे बहुतेक लोक मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले. घरच्या भाषेत बसऱ्याला.

हुद्द्यानं किंवा पराक्रमानं यात फरक पडत नाही. सुभेदार असो वा भिस्ती, तारीख आणि ठिकाण जुळलं की स्टार.

पदकांची संख्याही काही सांगते. ज्याला कुठलाही एक स्टार मिळाला त्याला बाकीची दोन्ही मिळालीच, म्हणजे तीन. १९१६ किंवा नंतर आघाडीवर गेला तर दोन, चांदीचं आणि व्हिक्टरी. नुसतं चांदीचं एकटं असू शकतं, पण व्हिक्टरी एकटं कधीच दिलं गेलं नाही. घरात फक्त व्हिक्टरी असेल तर चांदीचं कुठेतरी गेलं. बहुतेक वेळा ते सोनाराच्या मुशीत जातं. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर ही पदकं ढिगानं वितळली. जुने दस्तऐवज किंवा लिलावांच्या याद्या चाळताना तीनच्या संचाला 'पिप, स्क्वीक, विल्फ्रेड' आणि दोनच्या जोडीला 'मट अँड जेफ' अशी टोपणनावं दिसतील. गोंधळू नका.

चांदीचंच, ३६ मिमीचं, पण जांभळी-हिरवी-जांभळी फीत आणि वर 'इराक' किंवा 'कुर्दिस्तान' लिहिलेली आडवी पट्टी असेल तर ते जनरल सर्व्हिस मेडल. महायुद्ध संपल्यावर १९१९-२० मध्ये इराकात बंड झालं तेव्हाचं. एकाच माणसाकडे हे आणि वरची तीन, अशी चारही सापडू शकतात.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली जड ब्राँझची थाळी घरात असेल तर ते पदक नव्हे. लढाईत मेलेल्याच्या वारसाला दिलेली ती स्मृतिथाळी. तिच्यावर नाव उठावात असतं, पण हुद्दा आणि पलटण नसते. हेतुपुरस्सर, सगळे मेलेले सारखे म्हणून. अशी थाळी असेल तर नोंद शोधणं खूप सोपं होतं, कारण मृतांच्या याद्या जिवंत परतलेल्यांच्या याद्यांपेक्षा कितीतरी चांगल्या ठेवल्या गेल्या.

कड वाचणं

दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्या. उजेड समोरून नको. खोलीत अंधार करून टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. एकाच जागेचे तीन-चार फोटो टॉर्चची बाजू बदलत काढा. उजव्या बाजूच्या उजेडात न दिसलेली रेघ डाव्या बाजूच्या उजेडात दिसते.

तेवढ्यानंही भागलं नाही तर कागदी ठसा. ३६ मिमीच्या पदकाचा घेर साधारण ११३ मिमी भरतो. पातळ ट्रेसिंग पेपरची १३ सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्टी कापा, कडेभोवती घट्ट गुंडाळून टोकं चिकटपट्टीनं कागदालाच चिकटवा, पदकाला नाही. टू-बी पेन्सिलीचं टोक आडवं धरून हलक्या हातानं फिरवा. करड्या पट्ट्यावर अक्षरं पांढरी उमटतात. पट्टी उलगडली की सगळी ओळ सरळ समोर. स्टारच्या पाठीला हीच युक्ती चौकोनी तुकड्यानं करा. खडूची पूड, पीठ, टाल्कम पावडर खाचेत भरू नका. ती आत बसते आणि ओल धरते.

ओळ रोमन लिपीत असते आणि क्रम बहुधा असा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. वाचताना ३ आणि ८, १ आणि ७, रोमन सी आणि जी यांची अदलाबदल होते. शंका आली तर दोन्ही पर्याय लिहून ठेवा, एक ठरवून मोकळे होऊ नका.

नंबर. त्या काळी प्रत्येक पलटणीची नंबरांची आपली मालिका असे. १२३४ नंबरचा शिपाई पाच पलटणींत पाच वेगवेगळा. नंबर आणि पलटण मिळूनच माणूस ठरतो. नुसत्या नंबरावर शोधत बसू नका.

हुद्दा. शिपाई, नाईक, हवालदार हे ओळखू येतात. जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. ते झाडू-सफाईचं पद नव्हे, व्हाइसरॉयचं कमिशन असलेला अधिकारी. घोडदळात शिपायाच्या जागी सवार, हवालदाराच्या जागी दफेदार. आणि 'डीव्हीआर' हे संक्षेप दिसलं म्हणून 'पणजोबा मोटार चालवायचे' असं समजू नका. तो ड्रायव्हर म्हणजे खेचरं हाकणारा, तोफखान्यातला किंवा खेचरांच्या कोअरमधला.

नाव. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं कारकुनानं लिहिलेलं. शिंदेचं 'सिंदे', पवारचं 'पोवार', चव्हाणचं 'चौहान', जाधवच्या शेवटी कधी 'व्ह', कधी 'ओ'. पुष्कळदा नुसतं नाव आणि आडनाव, कधी नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव गायब. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मिळवणाऱ्या नामदेव जाधवांच्या आडनावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकसारखं सापडत नाही, तर साध्या शिपायाचं काय घेऊन बसलात.

पलटण. इथे १९२२ च्या पुनर्रचनेचा तक्ता माहीत हवा, नाहीतर शोध हमखास भरकटतो. महायुद्धात मराठा पलटणींचे नंबर १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे होते. १९२२ मध्ये त्या सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट झाली. १०३ ची झाली पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. म्हणून नंतरच्या कागदावर '३/५' दिसलं तर ती ११० नंबरची मूळ पलटण. जुन्या रोमन स्पेलिंगमध्ये 'मराठा' या शब्दात एक जादा 'एच' आणि जोड 'टी' येतो. संगणकावर शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका. सॅपर्सच्या पदकावर फक्त ३ आकडा आणि 'एस अँड एम' असेल तर ते खडकीचे बॉम्बे सॅपर्स. त्या काळात त्यांचं नाव 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' होतं.

मराठा पलटणीत सगळे मराठेच असत असंही नाही. दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या त्यांच्यात होत्या. आणि महारांची १११ नंबरची स्वतंत्र पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. तिचा नंबर कडेवर दिसला तर ते पदक विशेष जपा.

नोंदी शोधणं

आधी अपेक्षा जागेवर आणू. पंजाबच्या गावोगावच्या सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयातून बाहेर आली आणि त्यांचं संगणकीकरण सुरू झालं. त्या बातम्या वाचून मराठी घरांतून तिथे शोध घेतला जातो. ती फक्त पंजाबची आहेत, वेळ घालवू नका. साध्या हिंदी शिपायाची पूर्ण सेवापुस्तिका लंडनमध्ये मिळेल ही आशाही सोडा. जे मिळतं ते तुकड्यांत मिळतं.

माणूस लढाईत किंवा युद्धकाळात मेला असेल तर पहिलं दार युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळाचं. शोध फुकट आहे. आडनावानं सुरुवात करू नका. पलटण आणि नंबर टाका, देश 'इंडियन आर्मी' निवडा, मग याद्या चाळा. सापडलेल्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका तमुक, जिल्हा रत्नागिरी' अशी ओळ असू शकते, आणि ओळख पटवणारी खरी गोष्ट तीच. इथे जुना भूगोल लागतो. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत वेगळा नव्हता, त्यातला बराच भाग रत्नागिरीत आणि सावंतवाडी हे संस्थान. सांगली जिल्हा १९४९ मध्ये झाला, त्याआधीची बरीच गावं साताऱ्यात. कोल्हापूर तर संस्थानच. आजच्या जिल्ह्यानं शोधाल तर समोर असलेली नोंद निसटेल.

स्मारकाचं नाव पाहूनही पुष्कळ कळतं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नसलेल्यांची नोंद बसरा मेमोरियलखाली आहे, असे चाळीस हजारांहून जास्त. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला. या तिघांपैकी एखाद्या पलटणीचा शिपाई १९१६ च्या उत्तरार्धात किंवा १९१७ मध्ये मृत दाखवला असेल तर तो तुर्कांच्या कैदेत गेला असण्याची शक्यता आधी तपासा. फ्रान्समधल्यांसाठी नव शापेलचं स्मारक, सुएझ-इजिप्तकडच्यांसाठी पोर्ट तौफिकचं. भारतातच मेलेल्यांपैकी काहींसाठी पुण्यात खडकीचं स्मारक आहे, ते स्वतः जाऊन पाहता येतं.

जिवंत परतला असेल तर लंडनमधल्या क्यू इथलं नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे ब्रिटनचं सरकारी अभिलेखागार. 'डब्ल्यूओ ३७२' या मालिकेत पदकांची सूचीपत्रं आहेत. ती मुख्यतः ब्रिटिशांची, पण काही हिंदी शिपायांचीही सापडतात. शोधाच्या खिडकीत नावाबरोबर पलटणीचं नाव टाका. 'डब्ल्यूओ ९५' मध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत. डायरीत शिपायाचं नाव क्वचितच येतं, तरी ती वाचण्यासारखी, कारण पलटण कोणत्या तारखेला कुठे होती, किती मेले, किती जखमी, पाणी होतं की नव्हतं, हे रोजच्या रोज लिहिलेलं असतं. पदकावरून पलटण कळली की डायरीवरून त्या माणसाची वाट कळते.

गावातही शोधा. शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत' अशी संगमरवरी पाटी कित्येक गावांत बसवलेली आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे त्यातलं सगळ्यात माहितीचं. तिथल्या ४६ जणांचा त्या युद्धात बळी गेला. पाटीवर नावं नसतात, आकडा असतो. पण आकडा मोठा असेल तर त्या गावातली माणसं एकाच पलटणीत भरती झालेली असण्याचा संभव जास्त, आणि शेजारच्या घरातल्या पदकाची कड तुमच्या घरातल्या झिजलेल्या कडेचं कोडं सोडवू शकते.

मराठा रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. दुसऱ्या महायुद्धापासून पुढच्या सैनिकासाठी तिथे पत्र लिहिण्यात अर्थ आहे. नंबर, नाव, बटालियन, गाव आणि तुमचं नातं, एवढं अर्जात हवं. सोबत कडेच्या ठशाचा फोटो. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं तर बरं.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं

इथे ओळख सोपी आणि शोध अवघड. सहा टोकांचे स्टार, मधे सहाव्या जॉर्जची अक्षरं आणि भोवती आघाडीचं नावच लिहिलेलं: आफ्रिका, इटली, बर्मा, पॅसिफिक. पण ब्रिटिश सरकारनं ही पदकं आपल्या लोकांना नाव न घालता दिली. हिंदी सैनिकांच्या काहींवर नाव आहे, काही कोरी आहेत. कोरं पदक खोटं नव्हे.

तारखा अशा: आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३, इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५, बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला लढून पुढे इटलीत गेलेल्या तिसऱ्या मराठा बटालियनच्या शिपायाकडे १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल असा संच अपेक्षित. याच बटालियनचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परदेशात गेला की नाही, हे ठरवताना फसवतात ती दोन गोल पदकं. पांढऱ्या धातूचं, मागे दुतोंडी ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं वॉर मेडल २८ दिवसांच्या सेवेवर मिळे, मग ती सेवा कुठेही असो. मागे हिंदुस्थानचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल मुख्यतः देशातल्या तीन वर्षांच्या सेवेसाठी. घरात ही दोनच असतील आणि स्टार एकही नसेल, तर आजोबा बहुधा आघाडीवर गेले नव्हते. हे घरात सांगताना जरा जपून सांगा.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मोहिमांसाठी भारत सरकारचं विदेश सेवा मेडल आलं, १९६० मध्ये. त्यावरच्या पट्टीवर देशाचं नाव असतं, त्यामुळे वेगळा शोध लागत नाही.

स्वच्छता: जितकी कमी तितकी बरी

चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, पितळ घासायची पावडर, चांदी चकचकीत करायचं द्रावण, यातलं काहीही नको. आम्ल धातूचा थर खातं, राख आणि टूथपेस्टमधले कण अक्षरांचे काठ गोल करतात. कडेवरची अक्षरं मुळातच फार खोल नसतात. सणासुदीला देवाच्या भांड्यांबरोबर वर्षानुवर्षं घासलेल्या पदकाची कड गुळगुळीत होते आणि मग कुठलंही भिंग काही करू शकत नाही. व्हिक्टरी मेडलचं तर दुहेरी नुकसान: सोनेरी मुलामा निघतो आणि खालचं ब्राँझ उघडं पडून डाग धरतं.

चांदीवरचा काळा थर राहू द्या. तो धातूचं रक्षणच करतो आणि अक्षरं वाचायला मदतही. तेलकट मळ असेल तरच डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, बिनवासाच्या साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा, हलका हात. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा बोळा, मऊ कापडानं टिपून सुकवणं. आधी फीत काढून ठेवायला विसरू नका.

ब्राँझवर फिकट हिरवी पूड दिसली आणि झटकल्यावर महिन्याभरात पुन्हा आली तर तो साधा मळ नसून धातूला लागलेला रोग आहे. क्लोराइड आणि दमट हवा मिळून तो वाढतो. कोकणात, समुद्राकाठच्या घरांत हे हमखास होतं. लाकडी टूथपिकनं पूड अलगद काढा, पदक पूर्ण कोरडं करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पसरत असेल तर संग्रहालयाच्या संवर्धकाकडे न्या. घरचा उपाय तिथे थांबवा.

ठेवायला पीव्हीसीचे पारदर्शक पाकीट नको. ते कालांतरानं चिकट होतं आणि पदकावर हिरवट थर आणतं. रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. वर्तमानपत्र, पुठ्ठा, प्लायवूडचा खण, डांबरगोळ्या, सगळं नको. आम्लमुक्त कागद किंवा धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड, झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. रंग बदलणारे जेल घ्या आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहा. रंग बदलला की पुड्या बदला. दोन पदकं एकमेकांवर आपटू नयेत, म्हणून प्रत्येकाला वेगळी घडी.

फीत कधीही धुऊ नका. जुन्या रेशमाचे रंग पाण्यात पसरतात. विरलेली असली तरी फेकू नका, सपाट ठेवून कागदात जपा आणि प्रदर्शनासाठी नवी लावा. एका पदकाला १५ सेंमी पुरते. फ्रेम करायची तर पदक काचेला टेकू नये इतकी खोल चौकट, सरळ ऊन नाही, आणि डिंक किंवा ग्लू गन अजिबात नाही. फितीला मागून दोन टाके. गणवेश न घातलेल्या वारसानं पूर्वजाचं पदक लावायचंच तर ब्रिटिश परंपरेत ते उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्याचं त्यानं कमावलेल्या पदकांची.

विकणं, विकत घेणं, परदेशी पाठवणं

सोनाराला दाखवताना हातातून सोडू नका. सवयीनं तो कसोटीच्या दगडावर घासतो किंवा कडेला कानस लावतो, आणि नेमकी कडच जाते. शुद्धता पाहायचीच असेल तर हॉलमार्किंग केंद्रातल्या एक्सआरएफ यंत्रावर, धातूला न खरवडता. वितळवलेल्या चांदीची किंमत नाव असलेल्या पदकापुढे बहुधा किरकोळच ठरते.

विकत घेताना आधी कॅलिपर. ३६ मिमीचा व्यास एका बाजूला कमी भरला तर जुनं नाव घासून नवं ठोकलं असण्याची शंका घ्या. तेवढ्याच भागात कड चपटी किंवा जास्त चकचकीत दिसते. ओतीव नकलेवर बारीक खड्डे आणि कडेनं जोडाची रेघ असते, घोडेस्वाराचे स्नायू किंवा देवतेच्या पंखांची पिसं पुसट येतात. फितीवर अतिनील दिवा पाडून पाहा: फीत निळसर-पांढरी चमकली तर ती नव्या काळातली. यानं पदक खोटं ठरत नाही, फक्त फीत नवी आहे एवढंच. तीन पदकांच्या संचात तिन्हींवर नंबर आणि नाव तेच आहे का ते जुळवा. वेगवेगळ्या माणसांची पदकं एका पिनेवर लावून संच म्हणून विकली जातात.

पहिल्या महायुद्धाची पदकं आता शंभर वर्षांपलीकडची झाली. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू मानली जाऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या भावाला कुरिअरनं पाठवण्याआधी, किंवा परदेशी लिलावाचं आमिष आल्यावर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात वस्तू दाखवून लेखी उत्तर घ्या. तोवर भावाला कडेच्या ठशाची स्कॅन आणि पलटणीच्या युद्धडायरीतली त्या महिन्याची पानं पाठवता येतात.